मातिएग्काची गिटार आणि शूबर्टचा चेलो

सहा_तारा

व्हिएन्नाचा संगीतकार फ्रान्त्स शूबर्ट याच्या नावावर यूट्यूबवर एक 'गिटार क्वार्टेट' हमखास सापडतं. बासरी, व्हायोला (व्हायोलिनचा थोडा मोठा, खालच्या पट्टीचा भाऊ), गिटार आणि चेलो (त्याहून मोठा, गुडघ्यांत धरून वाजवायचा), जी मेजर, पाच भाग, अर्ध्या तासाच्या आत आटोपणारं. खाली 'शूबर्टचं गिटारवर किती प्रेम होतं!' छापाचे उमाळे असतात. तर मंडळी, ते क्वार्टेट शूबर्टचं नाही. त्यातला चेलो शूबर्टचा, मिन्युएट नावाच्या नाचाच्या भागातला दुसरा ट्रिओ, म्हणजे मधला तुकडा, शूबर्टचा. बाकीचं घर वेंत्सेल मातिएग्का नावाच्या गृहस्थांनी बांधलेलं आहे आणि दारावर पाटी मात्र भलत्याची.

हे मातिएग्का १७७३ मध्ये बोहेमियात खोत्सेन्य या गावी जन्मले. लहानपणी चर्चच्या गायकवृंदात होते, पुढे प्रागमध्ये कायदा शिकले आणि काही काळ किन्स्की राजघराण्याकडे कायद्याचं काम करत होते. हे तेच किन्स्की, ज्यांच्यापैकी एकाने १८०९ मध्ये बेथोवनला वार्षिक तनखा देण्याच्या करारावर सही केली. १८०० च्या सुमारास मातिएग्का वकिली सोडून व्हिएन्नाला आले आणि पियानो-गिटारच्या शिकवण्या घेऊ लागले. १८०७ मध्ये आर्तारिया या प्रकाशकाने त्यांचं 'नोत्तुर्नो' (म्हणजे रात्रीचं संगीत), ओपस (रचना क्रमांक) २१, छापलं. वाद्यं तीनच: बासरी, व्हायोला, गिटार.

त्या काळात व्हिएन्नात असल्या त्रिकुटांचा सुकाळ होता. लिओनहार्ड फोन काल याने ढिगाने लिहिली, दियाबेलीनेही लिहिली. बहुतेकांत गिटारचं काम ठरलेलं: अंगठ्याने खालचा स्वर, मग तर्जनी-मध्यमेने वरचे दोन, परत अंगठा. घरातल्या कुणालाही पंधरा दिवसांत जमावं असं. त्यावर बासरी गोड गोड गाणार. चांगलं असतं, पण तिसऱ्या सेरेनेडला जांभई येते.

मातिएग्का इथे वेगळे पडतात, मला तर ते रोमँटिक, म्हणजे क्लासिकल शिस्तीनंतरच्या भावनाप्रधान काळातले वाटतात. त्यांची गिटार नुसता ठेका धरून बसत नाही. ती मध्येच बासरीच्या तोंडचं वाक्य काढून घेते, व्हायोलाशी वाद घालते, आणि मग काही न झाल्यासारखी पुन्हा साथीला लागते. मला हे नोत्तुर्नो मूळ तीन वाद्यांतच जास्त आवडतं आणि शूबर्टच्या चेलोने त्यातल्या गिटारचं नुकसान केलं असं माझं मत आहे. आता या अंगावर.

चहाबाज

वाचतोय. या गृहस्थांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

शंकेखोर

लेख आवडला, पण दोन शंका.

एक, १८०७ मधल्या माणसाला रोमँटिक म्हणायचं? हेडन तेव्हा जिवंत होता. मिन्युएट आहे, शेवटी थीम आणि व्हेरिएशन्स आहेत. हा सरळसरळ क्लासिकल मामला झाला.

दोन, आणि ही जास्त महत्त्वाची. शूबर्टने हात लावला नसता तर या धाग्याला विषयच नव्हता. काल आणि दियाबेलीच्या ढिगाऱ्यात तुमचे मातिएग्काही गडप झाले असते. मग नुकसान कुणी कुणाचं केलं?

सहा_तारा

@शंकेखोर, पहिलीवर फार ताणत नाही. सांगाडा क्लासिकलच आहे. पण तिसऱ्या भागाच्या डोक्यावर 'लेंतो ए पातेतिको' लिहिलंय आणि चौथ्याचं नाव 'झिंगारा', म्हणजे रोमा लोकांच्या ढंगाचं. सेरेनेड म्हणजे जेवणानंतरची करमणूक असा रिवाज असताना मधोमध एक दुःखी, रेंगाळणारा भाग ठेवणं, हे त्या जातीच्या संगीतात अपेक्षित नव्हतं. उंबरठ्यावरचा माणूस म्हणू या.

दुसरी शंका रास्त आहे. तिचा इतिहास असा.

शूबर्टच्या हातची प्रत २६ फेब्रुवारी १८१४ ची. वय वर्षं सतरा, शिक्षकीचं प्रशिक्षण चालू. ही प्रत १९१८ मध्ये ऑस्ट्रियातल्या झेल आम झे या गावात सापडली. अक्षर शूबर्टचं, तारीख शूबर्टची, मग रचना आणखी कुणाची असणार? १९२६ मध्ये गेऑर्ग किन्स्की या संगीत-अभ्यासकाने ती म्युनिकहून 'शूबर्टचं क्वार्टेट' म्हणून प्रसिद्ध केली. (नावसाधर्म्य पाहा, पण हे किन्स्की ते नव्हेत.) गिटारवाले हरखले. शूबर्टसारख्या माणसाने आपल्या वाद्यासाठी लिहिलं म्हणजे काय! पाचच वर्षांनी, १९३१ मध्ये, तोरवाल्ड रिशेल या डॅनिश संग्राहकाला कोपनहेगनमध्ये आर्तारियाची जुनी छापील प्रत मिळाली. ताडून पाहिलं तर स्वर तेच, वर नाव मातिएग्का.

म्हणजे शूबर्टमुळे ही रचना जगली, हे खरं. पण गुन्हा उघडकीला आला त्याला नव्वदहून जास्त वर्षं झाली, तरी पाटी बदललेली नाही. शूबर्टच्या सूचीत तिला डी ९६ असा क्रमांक होता. १९७८ च्या सुधारित आवृत्तीत ती मूळ यादीतून काढून परिशिष्टात टाकली. रेकॉर्डिंगवाले अजून डी ९६ च छापतात, कारण शूबर्ट विकला जातो.

खर्जातला

गुन्हा वगैरे शब्द जरा जपून. त्या काळी छापील पार्ट फक्त सुटे मिळत, एकत्र स्कोअर नसे. सतरा वर्षांच्या मुलाने चारही ओळी एकाखाली एक मांडून स्कोअर केला, तो घरच्या वापरासाठी. आपण लिहिलं असं कुठे म्हणाला नाही, छापायलाही दिला नाही. चोरी केलीच असेल तर ती १९२६ च्या आवृत्तीच्या मुखपृष्ठाने.

आणि चेलो का घातला? शूबर्टच्या घरी रविवारचं क्वार्टेट चालायचं. दोघे भाऊ व्हायोलिनवर, स्वतः फ्रान्त्स व्हायोलावर, वडील चेलोवर. या पार्श्वभूमीवर एखाद्या वाद्यमेळात चेलोला जागा करणं ही पोराची सहज प्रवृत्ती असणार. हा माझा अंदाज, पुरावा मागू नका. पण याच मुलाने पाच महिने आधी, सप्टेंबर १८१३ मध्ये, वडिलांच्या नामदिनासाठी (ज्या संताचं नाव ठेवलं त्याचा सण) तीन पुरुषी आवाज आणि गिटार अशी रचना केली होती (डी ८०). तेव्हा गिटार आणि वडील ही जोडी त्याच्या डोक्यात होतीच.

आता मुद्द्याचं. गिटारची सर्वांत खालची तार ई. चेलोची सर्वांत खालची सी. दोघांत अंतर फक्त एका मेजर थर्डचं, सा ते शुद्ध ग इतकं. म्हणजे चेलो आला म्हणून खर्ज पाताळात गेला असं नाही. फरक आहे तो स्वर टिकण्याचा. गिटारचा खर्ज छेडला की विरायला लागतो. वर बासरी आणि व्हायोला लांब स्वर धरून बसलेले आणि खाली जमीनच नाही, असं मूळ त्रिकुटात दर चार मात्रांनी होतं. चेलोने ती जमीन दिली. आभार माना!

मांडवीकर

पणजीहून नमस्कार. मी व्हायोला वाजवतो, हौशी. आमच्याकडे घरोघरी व्हायोलिन, व्हायोला मात्र दिवा घेऊन शोधावा लागतो, त्यामुळे मला सगळीकडून बोलावणी येतात. हे नोत्तुर्नो मी दोन्ही पद्धतींनी वाजवलंय, म्हणून आतली बातमी.

तीन वाद्यांत व्हायोलाची खरी परीक्षा. तुमची सी तार गिटारच्या खालच्या ई पेक्षा मायनर सिक्स्थ (सा ते कोमल ध इतकी) वर आहे, म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ तुम्ही आणि गिटार एकाच पट्ट्यात बोलता. तुम्ही पूर्ण बो (गज) ओढला की गिटार मेली. मग काय करायचं? बोचा वरचा तिसरा हिस्सा फक्त, ब्रिजपासून लांब, फिंगरबोर्डकडे सरकून, आणि व्हायब्रेटो जवळपास बंद. आवाज धुरकट होतो. तो तसाच हवा. बासरीवाल्यालाही सांगावं लागतं की बाबा, वरच्या डी च्या पुढे छाती फुगवू नकोस.

चेलो आला की सगळं सैल होतं. व्हायोला मोकळेपणी वाजवता येतो, खाली आधार असतो. वाजवायला मजा चारांत जास्त. पण खरं सांगायचं तर त्या मजेत आम्ही तिघे रंगतो आणि गिटारवाला कोपऱ्यात बसून नुसता दिसतो. @सहा_तारा यांचं म्हणणं माझ्या कानाला पटतं, हाताला पटत नाही.

कोमल_निषाद

मी सतार शिकते, पाश्चात्त्य संगीतातलं फार कळत नाही, पण गिटारच्या स्वराला आस (छेडल्यावर स्वर टिकून राहणं) कमी हा मुद्दा लगेच कळला. प्रश्न: तेव्हाची गिटार आजच्यासारखीच होती का? नायलॉन तर नसणार.

डॅन्यूबकाठी

@कोमल_निषाद, ताई, फार वेगळी होती. मी व्हिएन्नात असतो आणि इथल्या संग्रहातली त्या काळची वाद्यं काचेतून का होईना, नीट न्याहाळली आहेत. अंग लहान, कंबर बारीक, आतल्या पट्ट्या मोजक्या. वरच्या तीन तारा आतड्याच्या, खालच्या तीन रेशमाच्या गाभ्यावर धातूची तार गुंडाळलेल्या. अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी जोडतारांची पद्धत मागे पडून सहा सुट्या तारा आल्या, तिचा हा पहिला बहर. आवाज लहान पण टोकदार, पटकन उमटतो आणि पटकन जातो. आजच्या मोठ्या क्लासिकल गिटारचा स्वर जास्त गोल आणि गुबगुबीत असतो, तो व्हायोलाच्या आवाजात विरघळतो. जुन्या गिटारचा विरघळत नाही. मांडवीकरांची निम्मी तक्रार वाद्य बदललं तर मिटेल.

व्हिएन्नात या कामातला मोठा कारागीर योहान गेऑर्ग श्टाउफर. त्याच्या गिटारींच्या काही नमुन्यांत मान अंगाला चिकटवलेली नसते. टाचेत एक स्क्रू असतो, तो घड्याळाच्या चावीने फिरवायचा, की मान वर-खाली होते आणि तारांची उंची हवी तशी लावता येते. सहाही खुंट्या एकाच बाजूला, शेंडा गोल वळवलेला. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांना तो आकार ओळखीचा वाटेल. श्टाउफरकडे काम शिकलेला सी. एफ. मार्टिन १८३३ मध्ये अमेरिकेला गेला. पुढची गोष्ट गिटारवाल्यांना सांगायला नको.

याच श्टाउफरने १८२३ मध्ये बोने वाजवायची गिटार काढली, आर्पेजिओने. पडदे गिटारचे, तारांची जुळणी गिटारची, पण दोन गुडघ्यांत धरून चेलोसारखी वाजवायची. गिटारच्या स्वराला टिकवायचं कसं, हा प्रश्न खर्जातला यांच्या आधी त्यानेही सोडवायला घेतला होता म्हणा ना. वाद्य दहा वर्षांत विसरलं गेलं. त्याच्यासाठी लिहिलेली एकच रचना आज सगळ्यांना माहीत आहे, १८२४ ची, आणि ती कुणाची? शूबर्टचीच. आता ती चेलोवाले वाजवतात.

खर्जातला

शेवटचं वाक्य काळजाला भिडलं. आम्ही सगळं खातो.

अस्सल_सुपारी

एवढं सगळं करून शेवटी हार्मनीच ना? आपल्याकडे एका तानपुऱ्यावर जे होतं ते यांना चार वाद्यांत होत नाही.

चहाबाज

@अस्सल_सुपारी, धाग्याचं काश्मीर करू नका हो. त्यासाठी दुसरे धागे आहेत, चार तरी सापडतील.

@सहा_तारा, रात्री ऐकलं. तिसरा भाग भारी आहे. पण शेवटच्या भागातली ती साधी चाल कुठली? कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते, म्हणजे तशी नाही, पण गाणं असल्यासारखी वाटते.

सहा_तारा

गाणंच आहे. फ्रीडरिश फ्लाइशमान या जर्मन संगीतकाराचं, 'मुली, अजून झोपू नकोस' अशा अर्थाच्या ओळीने सुरू होणारं. खिडकीखाली उभं राहून म्हणायचं गाणं. रात्रीच्या संगीताचा शेवट 'झोपू नकोस' ने करायचा, ही मातिएग्कांची खोडी. त्या काळी हे गाणं माहीत असलेल्यांना गालात हसू आलं असणार.

आता खर्जातला यांच्या जमिनीवर येतो. याच मातिएग्कांनी बेथोवनच्या ओपस ८ या सेरेनेडचं रूपांतर केलंय. मूळ व्हायोलिन, व्हायोला, चेलो. मातिएग्कांनी केलं व्हायोलिन, व्हायोला, गिटार. म्हणजे या माणसाने बेथोवनच्या त्रिकुटातून चेलो उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी गिटार बसवली. चेलो काय करतो, लांब स्वर म्हणजे काय, हे सगळं माहीत असून! नोत्तुर्नोत चेलो नाही तो सुचला नाही म्हणून नव्हे. नको होता.

आणि नसल्याचा फायदा कसा होतो ते ऐका. खाली सतत धरलेला स्वर नसला की हार्मनी कानाला पूर्ण सांगितली जात नाही. गिटार खर्ज छेडते, तो विरतो, आणि पुढचे दोन ठोके आपण तो मनातच ऐकत राहतो. बासरी-व्हायोला त्या रिकाम्या जागेवर चालतात. लेंतोमध्ये तर हीच गंमत आहे, तिथे विरणं हाच त्या भागाचा स्वभाव. शूबर्टच्या आवृत्तीत चेलो तिथे येतो आणि सगळं खणखणीत भरून टाकतो. सुंदर होतं, नाकारत नाही. पण ते शूबर्टचं सुंदर होतं.

शंकेखोर

बेथोवनचा मुद्दा चांगला काढलात, पण उलटाही लावता येतो. प्रकाशकाला गिटारचा माल हवा होता, म्हणून मातिएग्कांनी बेथोवनची गिटार-आवृत्ती काढली. इटालियन गिटारवादक जुलिआनी १८०६ मध्ये व्हिएन्नात आला, १८०८ मध्ये त्याने ऑर्केस्ट्राबरोबर गिटार कॉन्चेर्तो वाजवला, सगळं शहर गिटारवेडं झालं होतं. बाजारात जे खपतं ते लिहिलं, यात सौंदर्यदृष्टी शोधायची गरज नाही.

सहा_तारा

बाजार होताच. बाजारासाठी लिहूनही काही जण नीट लिहितात.

मांडवीकर

+१

डॅन्यूबकाठी

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. १८०७ चं नोत्तुर्नो काउंट योहान एस्तरहाझी यांना अर्पण केलेलं आहे. १८१८ मध्ये शूबर्ट ज्या काउंट एस्तरहाझींच्या झेलिझच्या वाड्यावर त्यांच्या दोन मुलींना संगीत शिकवायला गेला, तेच हे. (झेलिझ आता स्लोव्हाकियात.) म्हणजे चार वर्षांपूर्वी ज्या रचनेत चेलो घुसवला, तिच्या आश्रयदात्याच्याच घरी हा नोकरीला. त्या वाड्यावर कधी ते नोत्तुर्नो निघालं असेल का, असा विचार आला की मजा वाटते. व्हिएन्ना तसं लहान गाव होतं.

मातिएग्का स्वतः मात्र वाड्यांवर रमले नाहीत. १८१७ पासून ते इथल्या लिओपोल्डश्टाट भागात संत लिओपोल्डच्या चर्चमध्ये संगीतप्रमुख होते. जानेवारी १८३० मध्ये इथेच वारले. तोवर गिटारची लाटही ओसरत होती. जुलिआनी १८१९ मध्येच शहर सोडून गेला होता. पियानो दरवर्षी मोठा आणि दणदणीत होत चालला होता, आणि दिवाणखान्यात ज्या कोपऱ्यात गिटार टेकवलेली असायची तिथे तो येऊन बसला. पुढच्या पिढीतला मेर्ट्झ गिटारसाठी अस्सल रोमँटिक लिहितो, पण तो मुख्यतः एकट्या गिटारसाठी, नाहीतर दोन गिटारींसाठी किंवा पियानोबरोबर. बोच्या वाद्यांबरोबर बसण्याचे दिवस तोवर सरले होते.

कोमल_निषाद

माहितीबद्दल आभार. आस आणि रिकाम्या जागेबद्दल सहा_तारा यांनी लिहिलं ते ऐकून पाहिलं. लेंतो आधी चारांत ऐकला, मग तीनांत. तीनांत गिटार एकदम पुढे येते. चारांत ती होती हेच मला कळलं नव्हतं. माझं मत तीनाला.

याच जातीचं आणखी काय ऐकावं? फक्त तंतुवाद्यं आणि गिटार असं चालेल, बासरी नसली तरी.

मांडवीकर

सगळ्यात आधी पागानिनी. हो, तोच, व्हायोलिनवाला. तो गिटारही उत्तम वाजवायचा, घरच्या बैठकीत तर जास्त करून तीच. व्हायोलिन, व्हायोला, गिटार, चेलो अशी पंधरा क्वार्टेट्स आहेत त्याची. त्यातली सहा १८२० मध्ये मिलानच्या रिकोर्दीने छापली, ओपस ४ आणि ५ म्हणून. बहुतेकांत व्हायोलिनच मिरवतं, पण पंधराव्यात व्हायोलाला पाटावर बसवलंय, आणि आम्हा लोकांना असे दिवस फार येत नाहीत. त्याचंच १८३३ चं 'तेर्त्सेत्तो कोंचेर्तांते' आहे, व्हायोला, चेलो, गिटार. तिथे चेलो आणि गिटार दोघेही पोटभर जेवतात, कुणी कुणाचं ताट ओढत नाही. दोन्ही पक्षांनी ऐकावं.

जुलिआनीचं ओपस ६५, गिटार आणि स्ट्रिंग क्वार्टेट. बोकेरिनीची गिटार क्विंटेट्स थोडी आधीची, स्पेनमधली, त्यातला फांदांगो (स्पॅनिश नाच) सगळे वाजवतात. गंमत म्हणजे बोकेरिनीने ती बहुतांशी आपल्याच जुन्या क्विंटेट्समधून गिटारसाठी बेतून घेतली. जुनं कापड, नवा झगा.

सहा_तारा

@कोमल_निषाद, आणि मातिएग्कांचंच ओपस २६ चं सेरेनेडही शोधा. नोट्स हव्या असतील तर रिशेलचा संग्रह कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीत आहे आणि त्यातलं बरंच स्कॅन करून मोफत ठेवलंय. जुनी छपाई वाचायला त्रास होतो, गिटारची ओळ एकाच ट्रेबल क्लेफमध्ये कोंबलेली असते, पण सवय होते.

मांडवीकर

आमच्या मंडळींचं ठरलं. पावसाळ्यानंतर एकाच बैठकीत दोन्ही वाजवायचं, आधी मातिएग्कांचं तीनांत, मध्यंतरानंतर शूबर्टचं चारांत. गिटारवाल्याची अट एकच की त्याला पुढे आणि मध्यभागी बसवायचं. मान्य केली.

अडचण एक आहे. शूबर्टच्या हस्तलिखितात शेवटच्या भागाचा शेवटच नाही. बाकीच्या तीन वाद्यांचं मातिएग्कांच्या छापील प्रतीवरून घेता येतं, पण चेलोच्या त्या ओळी कुणाच्या वाजवायच्या? छापील आवृत्त्यांत संपादकांनी आपापल्या पुऱ्या करून दिल्यात, त्या आमच्या चेलोवालीला पसंत नाहीत.

खर्जातला

पाठवा इकडे. मी लिहून देतो.

सहा_तारा

कमी लिहा.

खर्जातला

बघू.